ठिपका बोरी अरबला

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

नवी कोरी गाडी आज हिवरदरीच्या चढावर मेली. बंद पडली नाही, मेली.

अश्वजितने घरी आल्यावर सांगितलं ते असं. चारही चाकांना जोर देणारं बटण दाबलं, तर समोरच्या पडद्यावर एकामागून एक दिवे पेटले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, इंजिनचा, एअरबॅगचा. मग पडदाच काळा झाला. इंजिन चालू, पण गाडी हलायला तयार नाही. टॉवर कंपनीचा टेक्निशियन राजकुमार सोबत होता. दोघं उतरून झाडाखाली बसले. बऱ्याच वेळाने पुन्हा चावी फिरवली, तर गाडी अशी चालली जणू काही झालंच नव्हतं.

गाडी घेऊन महिनाही झाला नाही. माझ्या नावावर आहे, चालवतो अश्वजित. तो माझा साळा, साधनाचा धाकटा भाऊ. बोरी अरबला शाळेची बस चालवायचा, ते सोडून माझ्या शब्दावर नेरला आमच्याकडे राहायला आला. मी अमरावतीला टॉवर कंपनीच्या ऑफिसात होतो, म्हणून हे काम मिळालं. जिथे धड रस्ता नाही अशा टॉवरांवर टेक्निशियन आणि बॅटऱ्या पोचवायच्या. टॉवर बंद पडला की आसपासच्या गावांतले फोन मुके होतात आणि कंपनीवर वरून शिव्या सुरू होतात. गाडी वेळेवर पोचली नाही तर त्या शिव्या माझ्याकडे येणार. डिसेंबरपर्यंत ते आमचं काम बघणार आहेत, मग पुढचं.

उद्या शोरूमवाल्यांना बघतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

यवतमाळच्या शोरूममध्ये दिवसभर बसवून ठेवलं. काचेची खोली, थंडगार हवा, भिंतीवर माझ्याच गाडीचा फोटो. फोटोतली गाडी नदी ओलांडते आहे. माझी नालीसुद्धा ओलांडत नाही.

तिथला सर्व्हिसवाला जीवन नावाचा आहे. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. म्हणाला, सर, सॉफ्टवेअरचं अपडेट आलंय, टाकून देतो, विषय संपला. मी म्हणालो, पैसे मोजून गाडी घेतली की अपडेट? तो हसला. मग सहज विचारावं तसं विचारलं की गाडी चालवतं कोण. ड्रायव्हर नवीन आहे का? या गाड्यांना जरा समजून हात लावावा लागतो, सर.

मी म्हणालो, ड्रायव्हर नाही, घरचा माणूस आहे. तो पुन्हा हसला. असं हसणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी.

निघताना त्याने माझ्या फोनवर गाडीचं अॅप टाकून दिलं. गाडी कुठे आहे ते नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसतं. घरी बसून सगळं बघा म्हणाला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज घरासमोर उभ्या गाडीच्या चारही काचा आपोआप खाली आल्या. वायपर कोरड्या काचेवर नाचायला लागले. पडदा म्हणतो वेग साठ. गल्लीतली माणसं बघायला जमली. एकाने विचारलं, राजदीपभाऊ, हिच्या अंगात येतं काय?

शोरूमला फोन केला. जीवन म्हणाला, गाडी घेऊन या. मी म्हणालो, तुम्ही या. त्याने फोन होल्डवर टाकला आणि गाणं लावून दिलं. तोंडात येईल ते बोललो, पण ऐकत होतं फक्त ते गाणं.

२० सप्टेंबर, शनिवार

हिवरदरीचा टॉवर पहाटेपासून बंद. अश्वजित सकाळीच निघाला, बोरी अरबहून राजकुमारला घेऊन वर जाणार होता. त्या बाजूच्या कुणाचाच फोन लागत नव्हता. याचाही लागला नाही. म्हणून अॅप उघडलं.

ठिपका बोरी अरबच्या फाट्यावर. तासाभराने बघितलं, तिथेच. जेवून बघितलं, तिथेच. दुपार उलटली तरी तिथेच. सासुरवाडी फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी ठिपका एकदम नेरला, आमच्या दारात उगवला.

अश्वजित उतरला तो डाव्या हाताला पट्टी बांधून. पँट गुडघ्यावर फाटलेली, अंगभर चिखल. म्हणाला, गाडी चढावर हँडब्रेकचं बटण लावून उभी केली होती, मागून बॅटऱ्या उतरवणं चाललं होतं, तर गाडी आपोआप मागे सरकायला लागली. त्याने आत उडी मारून पायाचा ब्रेक दाबला. त्यात हात दार आणि पळसाचं खोड यांच्यामध्ये चेंगरला. उतरताना बोरीच्या डॉक्टरकडे पट्टी केली.

मी विचारलं, दिवसभर कुठे होतास? म्हणाला, वरतीच, टॉवरपाशी.

मी फोन खिशात घातला. साधनाने त्याला हळदीचं दूध दिलं. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून प्यायला.

टॉवर चार वाजता सुरू झाला हे खरं आहे. पण राजकुमार दुसऱ्या कशानेही वर गेला असेल. कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून गेला असेल.

२२ सप्टेंबर, सोमवार

गाडी पुन्हा यवतमाळला. जीवनने लॅपटॉप जोडला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. म्हणे, गाडीच्या मेमरीत सगळं राहतं. शनिवारी हँडब्रेक लावल्याची नोंदच नाही. मशीन खोटं बोलत नाही, सर.

मी ओरडलो. म्हणालो, याच मशीनने परवा उभ्या गाडीचा वेग साठ दाखवला, तेव्हा खरं बोलत होतं काय? तिथली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बरं वाटलं. त्याचा चेहरा पडला होता.

पण घरी येताना रस्ताभर तेच डोक्यात. लावलाच नसेल तर? बोरीत पारावर बसून गप्पा हाणल्या असतील, गाडी कुणाला तरी चालवायला दिली असेल, त्याने ठोकली असेल, हात त्यात गेला असेल. मग घरी सांगायला गाडी आहेच बदनाम.

राजकुमारला विचारता येईल. पण काय विचारणार? माझा साळा खोटारडा आहे काय? संध्याकाळपर्यंत कंपनीत बातमी जाईल.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज पकडायचंच ठरवलं होतं. हिवरदरीला पुन्हा बिघाड. अश्वजित पट्टी बांधलेल्या हाताने गेला. दहा वाजता ठिपका बोरी फाट्यावर थांबला. मी साधनाला काही न सांगता मोटरसायकल काढली.

फाट्यावर गाडी नाही. सासुरवाडीच्या अंगणात नाही. बाजाराच्या मागे बघितलं, कापसाच्या जिनिंगच्या आवारात बघितलं, नदीकडे जाऊन आलो. कुठेच नाही. फोनवर मात्र ठिपका तिथेच, माझ्या नाकासमोर.

सासूबाई दारात आल्या. तुळसाबाई म्हणजे गावातली सगळ्यांची मावशी. त्यांनी स्वतःच्या हाताने मला पाण्याचा तांब्या दिला. म्हणाल्या, "जवाई, अचानक? साधना बरी हाय न? या, भाकर टाकतो." मी म्हणालो भूक नाही, कामाने आलो होतो. अश्वजित आला होता का, एवढं त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने मुलाला झाकलंच असतं. पाणीही अर्धंच प्यायलो.

परत येताना लक्षात आलं. मोटरसायकल काढताना साधना वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनेच भावाला फोन केला असणार, आणि त्याने गाडी हलवली असणार.

घरी आल्यावर तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "त्याचा फोनच लागत नाही तिकडे. कसा करीन मी?" मी तिचा फोन हिसकावून घेतला, त्यात अॅप टाकलं आणि ठिपका तिच्यासमोर धरला. आता तूही बघ, तुझा भाऊ कुठे असतो ते.

टॉवर आजही दुपारी सुरू झाला. राजकुमारचा मेसेज आला, काम फत्ते.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दीक्षाभूमीला जायचं आहे. साधनाने विचारलं, आईला घेऊन आपण सगळे गाडीनेच जाऊ का, अश्वजित चालवेल. दरवर्षी एसटीत आईचे गुडघे धरतात. मी म्हणालो, गाडी कामासाठी आहे. आणि ती रस्त्यात मेली तर सासूबाईंना काय खांद्यावर नेऊ?

ती म्हणाली, गाडी वाईट आहे म्हणून नाही म्हणता की आम्ही?

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज झालं एकदाचं.

अश्वजित जेवायला बसला होता. आजही त्याने तेच सांगितलं. चढावर सगळे दिवे लागले, बॅटऱ्या दोघांनी डोक्यावरून वर नेल्या. मी फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणालो, दिवसभर बोरीला होतास. हे बघ. याच्या आधी दोनदा असंच.

त्याने घास खाली ठेवला. फोनकडे बराच वेळ बघितलं, शाळेच्या परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाकडे बघावं तसं.

"मी वरती होतो, भाऊजी."

"मग हे काय आहे?"

"थे मले काय माहीत. गाडी तुमची, फोन तुमचा."

मी म्हणालो, हँडब्रेक लावल्याची नोंद नाही म्हणतात शोरूमवाले. हात कुठे चेंगरला ते तरी खरं सांग. गाडीचं नाव पुढे करून तू घरी लोळतोस आणि शिव्या मी खातो. शोरूमशी मी भांडतो, कंपनीला मी तोंड देतो, आणि माझ्याच घरातला माणूस मला फसवतो. आणखीही बोललो. सासूबाईंबद्दल एक वाक्य बोललो, ते इथे लिहीत नाही.

तो उठला, हात धुतला, खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. आवाज न करता ठेवली. साधनाला म्हणाला, "येतो ताई." माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन चपला घातल्या आणि बस स्टँडकडे चालत गेला.

साधना ताटापाशी तशीच बसून होती. मग अर्धी भाकर उचलून डब्यात ठेवली आणि आत गेली.

मोकळं वाटतंय. खरं बाहेर काढलं की असं वाटतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

साधना कामापुरतं बोलते. ड्रायव्हर मिळत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ती अंगात येणारी गाडी न? आता मीच चालवणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

हिवरदरी बंद. मी गाडी काढली, बोरीच्या फाट्यावर राजकुमारला घेतलं. त्याने आधी ड्रायव्हरच्या जागेकडे बघितलं आणि मग मला नमस्कार केला. अश्वजितभाऊ कुठे, विचारलं. मी म्हणालो, सुट्टीवर. बोरी सोडली तसा फोन मुका झाला. पुढे काळ्या मातीतली चाकोरी, दोन्हीकडे कपाशी, मग मुरूम आणि चढ. पहिल्याच वळणावर पडद्यावर दोन दिवे लागले. राजकुमार म्हणाला, आता हळू घ्या, पुढच्या वळणावर बाकीचे लागतात. त्याला हे पाठ होतं.

टॉवरखालच्या चढावर गाडी लावली. हँडब्रेकचं बटण मी स्वतः दाबलं. लाल दिवा लागला, मी डोळ्यांनी बघितला. उतरलो, पुढे जाऊन टॉवरचं फाटक उघडायला लागलो. राजकुमार मागचं दार उघडून बॅटरी ओढत होता.

कच्चकन आवाज आला. वळून बघितलं तर गाडी मागे निघाली होती, राजकुमारच्या अंगावर. मी ओरडलो. धावलो नाही. राजकुमार बॅटरी टाकून बाजूला पडला, गाडी त्याच्या पायाजवळून गेली आणि खाली पळसाला धडकून थांबली. खोडाची साल त्याच उंचीवर आधीच एकदा निघालेली होती.

राजकुमारला उठवून बसवलं. पाणी दिलं. मग तो हळूच म्हणाला, "मागच्या महिन्यात बी मी इथंच उभा होतो, साहेब. अश्वजितभाऊनं आत उडी टाकली म्हणून वाचलो. त्यायनं सांगतलं नाही काय तुमाले?"

सांगितलं होतं. फक्त राजकुमार मागे उभा होता, हे सांगितलं नव्हतं. मीही पुढे काही विचारलं नव्हतं.

टॉवरचं काम त्याने लंगडत केलं. गाडी मग चालूच झाली नाही. दोघं चालत बोरीला आलो. सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडावरून गेलो, आत गेलो नाही. मिळेल त्या एसटीने नेरला पोचलो.

दार साधनाने उघडलं. माझ्या कपड्यांकडे बघितलं, मग हातातला फोन पुढे केला.

"दिवसभर बोरीले काय करून राह्यले होते?"

मी म्हणालो, वर होतो, टॉवरपाशी.

"मग हे काय आहे?"

ठिपका फाट्यावर होता. मी म्हणालो, अगं, बोरीच्या पुढे नेटवर्क नसतं. जिथे शेवटचं मिळालं तीच जागा दाखवत राहतं.

ती म्हणाली, "हो न."

मग म्हणाली, मी दुपारीच आईला फोन करून विचारलं, हे तिकडे आले काय. आई म्हणाली नाही. तेव्हाच समजलं की तुम्ही वर असाल. आणि स्वयंपाकघरात गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एवढं मोठं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पडद्यावर एक ओळ लिहिता येत नाही, की ही जागा जुनी आहे? ज्या कामासाठी गाडी घेतली ते कामच नेटवर्क नसलेल्या ठिकाणचं. यांच्या ठिपक्याने माझं घर फोडलं. तक्रारीत हा मुद्दा घालणार. कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत नेणार. राजकुमार लिहून द्यायला तयार आहे.

साधनाला हे सगळं वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ठिपका बोलला नव्हता, तुम्ही बोलले.

मी म्हणालो, तू पुन्हा भावाचीच बाजू घेते आहेस.

२ नोव्हेंबर, रविवार

नागपूरहून कंपनीचा इंजिनियर आला होता, गाडी आठवडाभर उघडून ठेवली होती. आज ताब्यात मिळाली. दोष कारखान्यातलाच. सीटखाली सगळ्या वायरी एका बोल्टने गाडीच्या अंगाला जोडतात, तो बोल्ट रंगावरच बसवलेला, कधी नीट आवळलाच नव्हता. हिसका बसला की वीज तुटायची आणि गाडीचा कॉम्प्युटर वेड्यासारखा वागायचा. ब्रेक सुटायचा आणि त्याची नोंदही पुसली जायची. कॉम्प्युटर नवा बसवला.

म्हणजे मी जिंकलो. जीवनने फुलांचा गुच्छ दिला, फोटोसाठी हात पुढे केला. मी हात दिला नाही. म्हणालो, ड्रायव्हरची चूक नव्हती असं लेटरहेडवर लिहून दे. आत्ता. इथे.

तो गोंधळला. म्हणाला, "सर, तसं कसं लिहू? ड्रायव्हरची चूक आहे असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही."

मी म्हणालो, तूच म्हणालास, नवीन आहे, हात समजून लावावा लागतो, ब्रेकची नोंद नाही.

"मी विचारलं होतं, सर. आणि मशीनमध्ये जे दिसलं ते सांगितलं. बाकी तुमच्या घरचं आम्हाला काय माहीत?"

गुच्छ त्याच्या टेबलावर फेकला आणि गाडी घेऊन निघालो. सगळ्या रस्त्याने एकही दिवा लागला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बोरीला गेलो. साधना सोबत आली, पण मागच्या सीटवर बसली.

अश्वजित अंगणात होता. शाळेच्या बसवर त्यांनी दुसरा माणूस ठेवला, आता तो एकाच्या ट्रॅक्टरवर कापूस वाहतो. डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, हे मी आज बघितलं. सासूबाई मला बघून आत गेल्या. यावेळी पाणी आलं नाही. साधना त्यांच्या मागोमाग गेली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बोल्ट, कॉम्प्युटर, ठिपका. गाडीत दोष निघाला, तुझी काही चूक नव्हती. डिसेंबरनंतरचं काम मिळेलसं दिसतंय, परत ये. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "माही चूक नव्हती, हे मले माहीत होतं भाऊजी."

मी म्हणालो, शोरूमवाल्यांनी डोकं फिरवलं होतं माझं.

तो म्हणाला, "गाडी बिघडली त तुमी दहा खेपा यवतमाळले गेले. काहून बिघडली म्हणून भांडून इचारलं. मले एक डाव त इचाराचं होतं. सोबत बसून वरती याचं होतं."

माझं चुकलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. म्हणालो, मग येतोस न?

"नाही."

रागाने म्हणाला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दोरी आवळत म्हणाला. आतून साधना आली, म्हणाली, मी चार दिवस आईकडे राहते. तिची पिशवी गाडीतच होती. म्हणजे निघतानाच भरून आणली होती. मला दिसली नव्हती.

गाडी वळवली तेव्हा अश्वजित काचेपाशी आला. मला वाटलं, बदललं मन. त्याने गाडीच्या छतावर हात ठेवला आणि चाकाकडे बघत म्हणाला, "दुरुस्त झाली म्हणता त झाली असंन. तरी चढावर लावली त मागच्या चाकाले गोटा लावत जा. राजकुमार मागं उभा राह्यते."

आणि परत गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हिवरदरी. गाडी न कुरकुरता चढली. टॉवरखाली लावली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. राजकुमार दार उघडायला निघाला. मी म्हणालो, थांब.

गोटा शोधायला लांब जावं लागलं नाही. पळसाच्या बुंध्याशी दोन मोठे गोटे शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींच्या एकेका बाजूला टायरचा काळा डाग होता.

दोन्ही उचलून आणले, दोन्ही चाकांना लावले. मग राजकुमारला म्हणालो, आता काढ बॅटरी.